कॉर्डचा कागद: तालमीपासून मंचापर्यंत

कॉर्डचा कागद म्हणजे गाण्याचे शब्द आणि त्यांच्यावर योग्य जागी लिहिलेली कॉर्डची नावे. गिटार, कीबोर्ड किंवा बेस वाजवणाऱ्या साथीदाराला त्यातून चाल कळत नाही. चाल त्याच्या कानात आधीच असते, असे गृहीत धरलेले असते. कोणत्या अक्षरावर कॉर्ड बदलायची, मुखडा किती वेळा घ्यायचा, अंतऱ्याआधीचे म्युझिक किती आवर्तनांचे आहे आणि गाणे कुठे थांबवायचे, एवढेच कागद सांगतो. स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. भातखंडे पद्धतीची स्वरलिपीही बंदिशीतला स्वर न् स्वर तालाच्या विभागांत बसवून दाखवते. कॉर्डच्या कागदावर त्यामानाने फार थोडे असते, आणि दोन्ही हात वाद्यावर असताना एका नजरेत वाचायचा मजकूर थोडाच असावा लागतो. कागद कसा लिहायचा, कसा लावायचा आणि मंचावर कसा न्यायचा, हे सगळे या गरजेवरून ठरते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात दोन लेखनपद्धती शेजारी शेजारी नांदल्या. गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेले वादक व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन स्टुडिओत बसत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक त्यांच्यासाठी वाद्यवार कागद लिहीत. सतार, सारंगी, बासरी वाजवणारे बहुतेक कलाकार तेच तुकडे सरगममध्ये उतरवून घेत. आज ऑर्केस्ट्रात किंवा भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवणारा कीबोर्डवादक या दोन्हींतले थोडे थोडे घेतो: म्युझिकचे तुकडे सरगममध्ये, बाकीचे गाणे कॉर्डमध्ये.

छोट्या कागदावर अख्खे गाणे मावू शकते, हे अमेरिकेत १९४२ साली जॉर्ज गुडविन यांनी ‘ट्यून-डेक्स’ सुरू करून दाखवले. तीन बाय पाच इंचांच्या कार्डाच्या एका बाजूला चाल, शब्द आणि कॉर्ड, दुसऱ्या बाजूला प्रकाशक व हक्कांचा तपशील. रेडिओ आणि संगीत व्यवसायातल्या लोकांच्या सोयीसाठी निघालेली ही कार्डे पुढे कोणी तरी परवानगीशिवाय एका पानावर तीन-तीन छापली आणि क्लबमध्ये वाजवणाऱ्यांना चोरून विकली. ‘फेक बुक’ नावाचा प्रकार तिथून फोफावला. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयाच्या परिसरातून आलेले ‘रिअल बुक’ त्यांत सर्वांत गाजले. जॅझ शिकणाऱ्या एका पिढीने ते पाठ केले, आणि त्यातल्या चुकीच्या कॉर्डही पाठ केल्या. हॅल लिओनार्ड या प्रकाशनसंस्थेने २००४ मध्ये त्याची अधिकृत आवृत्ती काढताना अनेक चुका दुरुस्त केल्या, तरी जुन्या चुका वाजतच राहिल्या. एकदा कागदावर आलेली चूक कानाला खरी वाटू लागते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या कॉर्ड मूळ ध्वनिमुद्रण ऐकून तपासल्याशिवाय वहीत घालू नयेत, ते यासाठी.

कागदावर सर्वांत वर, शीर्षकाच्याही आधी नजरेत भरेल अशी लिहायची गोष्ट म्हणजे पट्टी. मराठी गायक ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’ असे सांगतात. गिटारवादक सी शार्प, एफ, ए शार्प म्हणतो. पेटीवर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी पाच म्हणजे जी, काळी पाच म्हणजे ए शार्प. दोन्ही नावे कागदावर असली की गायक आणि वादक यांच्यात घोळ होत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची पट्टी आणि आजच्या गायकाची पट्टी यांत बहुधा फरक असतो. पुरुषाने गायलेले गाणे स्त्रीने गायचे ठरले तर चार-पाच अर्धस्वरांचा फरक सहज पडतो. द्वंद्वगीतात दोघांनाही थोडे सोसावे लागते. ती तडजोड तालमीतच करून कागदावर नोंदवावी लागते.

गिटारवर हा प्रश्न कापोने सुटतो. कापो एकेक फ्रेट पुढे सरकवला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. गायिका काळी पाचमध्ये गात असेल, तर पहिल्या फ्रेटवर कापो लावून ए पट्टीचे आकार वाजवता येतात, किंवा तिसऱ्या फ्रेटवर लावून जी पट्टीचे. कोणते आकार निवडायचे हे गाण्यातल्या सुट्या तारांच्या गुंजनावर ठरते. म्हणून गिटारच्या कागदावर ‘काळी ५, कापो ३, आकार जी’ अशी पूर्ण नोंद हवी. बेसवादकाला मात्र ‘आकार जी’ लिहिलेला कागद देऊन चालणार नाही. त्याच्याकडे कापो नसतो, त्याला खऱ्या कॉर्डच हव्यात. कीबोर्डवर ट्रान्सपोज बटण असते. एका गाण्यासाठी ते एकने वाढवले आणि पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायचे राहिले, की पहिल्या सुरालाच सगळा वाद्यवृंद विसकटतो. ज्या गाण्यात ट्रान्सपोज वापरायचे त्याच्या माथ्यावर आकडा लिहावा, आणि ज्यात वापरायचे नाही त्याच्या माथ्यावर शून्य लिहावे. अनेक वादक पहिली नोंद करतात, दुसरी टाळतात. नेमकी दुसरीच जास्त उपयोगी पडते.

पट्टी वारंवार बदलत असेल तर कॉर्डच्या नावांऐवजी आकडे लिहिणे शहाणपणाचे. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणशाळांत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत रुळली. एल्विस प्रेस्लीच्या मागे गाणाऱ्या ‘जॉर्डनेअर्स’ या चमूतले नील मॅथ्यूज यांनी ती आधी गायकांच्या सुरावटींसाठी वापरली. चार्ली मकॉय आणि इतर वादकांनी ती वाद्यांकडे नेली. सी पट्टीतली सी, जी, ए मायनर, एफ ही मालिका तिथे १, ५, ६ मायनर, ४ अशी लिहितात. पट्टी डी झाली तर तेच आकडे डी, ए, बी मायनर, जी असे वाचायचे. कागद बदलावा लागत नाही. सरगम जाणणाऱ्याला हे अवघड जाऊ नये, कारण १ म्हणजे सा वर उभी राहणारी कॉर्ड, ४ म्हणजे म वरची, ५ म्हणजे प वरची. अडचण येते ती मायनर गाण्यांत. आपला गायक ज्या सुराला सा मानतो तिथून आकडे मोजायचे, की जवळच्या मेजर पट्टीचा सहावा सूर म्हणून मोजायचे? दोन्ही रीती प्रचलित आहेत. एका चमूने एकच रीत पाळावी आणि वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून ठेवावी.

शब्दांवर कॉर्ड मांडताना देवनागरीची स्वतःची अडचण आहे. इंग्रजी शब्दांवर कॉर्ड बसवायला रिकाम्या जागा सोडून वरची ओळ टंकण्याची जुनी सवय आहे. सगळी अक्षरे सारख्या रुंदीची असलेल्या टंकातच ती ओळ जागेवर राहते. देवनागरीत अक्षरांची रुंदी फार बदलते. फोन बदलला किंवा टंक बदलला की कॉर्ड शेजारच्या शब्दावर सरकतात. यावर चांगला उपाय म्हणजे ‘कॉर्डप्रो’ ही लेखनपद्धत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन लेक्लर्क आणि मारिओ डोरिओन यांनी लिहिलेल्या एका छोट्या संगणक-आज्ञावलीतून ती आली. तीत कॉर्ड चौकटी कंसात, ज्या अक्षरावर ती वाजते त्या अक्षराच्या लगेच आधी, शब्दांच्या ओळीतच लिहितात. कॉर्ड अक्षराला बांधली गेल्यामुळे टंक कितीही मोठा केला तरी हलत नाही, आणि पट्टीही संगणकाकडून बदलून घेता येते. कंस मात्र जोडाक्षराच्या मध्ये घालू नये. ‘प्रार्थना’ या शब्दात कॉर्ड दुसऱ्या अक्षरावर बदलत असेल तर कंस पूर्ण ‘र्थ’च्या आधी यायला हवा, नाही तर अक्षर फुटते. आकार लांबवताना कॉर्ड बदलत असेल, तर भातखंडे स्वरलिपीतले ‘ऽ’ हे चिन्ह शब्दात घालून त्याच्या आधी कॉर्ड लिहावी. मराठी वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सगळ्याच मराठी गाण्यांना भरगच्च कॉर्ड मानवत नाहीत, हेही कागदावर दिसले पाहिजे. नाट्यपद किंवा रागाच्या अंगाने जाणारा अभंग तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर उभा असतो. त्याखाली दर मात्रेला कॉर्ड बदलत गेली की गायकाच्या जागा झाकल्या जातात, आणि कॉर्डमधला तिसरा सूर रागाशी भांडू शकतो. अशा ठिकाणी ‘फक्त सा–प’ किंवा ‘इथे थांबा’ एवढेच लिहावे. कुठे वाजवायचे नाही हे लिहिलेला कागद साथीच्या जाणतेपणाची खूण आहे.

तालमीचा कागद आणि मंचावरचा कागद हे दोन वेगळे कागद असावेत, हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा नियम. तालमीच्या कागदावर काहीही लिहावे: कोणते ध्वनिमुद्रण ऐकले, कितव्या सेकंदाला म्युझिक सुरू होते, एखाद्या जागी कोणत्या दोन कॉर्ड शक्य आहेत, ठेका दादरा की केरवा, लय किती, कोणत्या बोटाने सुरुवात केली तर पुढचा आकार सोपा जातो. तो खोडाखोडीने भरला तरी बिघडत नाही. मंचावरच्या कागदावर मात्र सुरुवातीच्या आठ-दहा ओळींत सगळे गाणे मावले पाहिजे. दुसरे कडवे पहिल्यासारखेच असेल तर त्याच्या कॉर्ड पुन्हा लिहायच्या नाहीत. फक्त पहिले शब्द लिहायचे. जे बदलते तेवढेच ठळक करायचे. म्युझिकच्या तुकड्याला चौकट, शेवटाला जाड रेघ, आणि शेवट कसा होतो याची दोन शब्दांत नोंद: ‘मुखडा दोनदा, समेवर बंद’. पाठ झालेल्या गाण्याच्या कागदावरून हळूहळू मजकूर कमी होत गेला पाहिजे.

शक्यतो एक गाणे एका पानावर यावे. दोन पाने लागलीच, तर ती समोरासमोर लावावीत. पान उलटणे टळत नसेल तर ते अशा जागी आणावे जिथे बासरी किंवा तबला बोलत असतो आणि उलटणाऱ्याचा एक हात मोकळा असतो. प्लास्टिकच्या चकचकीत पाकिटांवर मंचावरचे दिवे परावर्तित होतात आणि नेमकी मधली ओळ दिसेनाशी होते. खरखरीत पृष्ठाची पाकिटे घ्यावीत. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आणि गणेशोत्सवातले मंडप उघड्यावर असतात, तिथे वारा असतो. चिमट्यांशिवाय स्टँड घेऊन जाऊ नये. लाल दिव्याखाली लाल शाई नाहीशी होते, म्हणून रंगांवर विसंबू नये.

गाणी वाढली की ती सापडण्याचा प्रश्न येतो. मराठी गाणे लोकांना पहिल्या ओळीने माहीत असते, चित्रपटाच्या किंवा संग्रहाच्या नावाने क्वचितच. सूची त्यामुळे पहिल्या शब्दावर, अकारविल्हे करावी. शब्द जोडून की तोडून, ऱ्हस्व की दीर्घ, याचा एकच नियम ठेवावा. पण वहीतला क्रम अकारविल्हे ठेवला की प्रत्येक नव्या गाण्याला सगळी पाने सरकतात. प्रत्येक गाण्याला कायमचा क्रमांक देणे आणि सूची वेगळी ठेवणे जास्त सोयीचे. प्रार्थनागीतांच्या पुस्तकांत ही रीत जुनी आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मधले गीत क्रमांकाने सांगितले जाते; वाजवणाऱ्याने आपली कॉर्डची वही त्याच क्रमांकांनी लावली की शोधाशोध उरत नाही. ऑर्केस्ट्रात फर्माईश आली तरी हीच सोय कामी येते: सूचीत ओळ शोधायची, क्रमांक ओरडायचा, सगळे एकाच पानावर.

कार्यक्रमाची यादी मग क्रमांकांची एक पट्टी होते. तिच्यात क्रमांकाशेजारी गायक, पट्टी, ठेका आणि वाद्यबदल एवढे असावे. एकाच पट्टीतली आणि एकाच लयीतली तीन गाणी सलग आली तर श्रोत्यांना कारण कळत नाही, पण कंटाळा येतो. कापो काढणे, गिटार बदलणे, कीबोर्डचा आवाज बदलणे यांना वेळ लागतो; ती गाणी निवेदनाच्या लांब भागानंतर ठेवावीत. निवेदकाच्या शेवटच्या वाक्यातले दोन शब्द वादकांच्या यादीत लिहिलेले असले की सुरुवातीचे म्युझिक अडखळत नाही.

सरावातही याच यादीचा उपयोग होतो. तयार, कच्ची आणि नवी असे तीन गट करून प्रत्येक बैठकीत तिन्हींतले काही घ्यावे. नाही तर आवडती तयार गाणीच वाजत राहतात. कार्यक्रमाच्या आदल्या तालमीत गाण्यांपेक्षा गाण्यांमधले सांधे वाजवावेत: एका गाण्याचा शेवट, मधला बदल आणि पुढच्याची सुरुवात. तालमीत ठरलेली दुरुस्ती त्याच दिवशी मूळ प्रतीत करावी आणि जुनी प्रत सर्वांकडून काढून घ्यावी. प्रतीवर तारीख नसेल तर नवी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि बेसवादक जुन्या कॉर्डवर, गिटारवादक नव्या कॉर्डवर असा प्रकार मंचावर उघडा पडतो.

२०१० साली आयपॅड आला आणि वह्यांची जागा पडद्याने घ्यायला सुरुवात केली. फोरस्कोर, ऑनसाँग, मोबाइलशीट्स अशी अ‍ॅप शेकडो गाणी, याद्या आणि पट्टीबदल सांभाळतात. जॅझ वाजवणाऱ्यांत आयरिअल प्रो लोकप्रिय आहे. पायाने दाबायच्या ब्लूटूथ पेडलमुळे पान उलटण्याची अडचण जवळजवळ संपली. पीडीएफ प्रत जशीच्या तशी दिसते पण तिच्यातली पट्टी बदलत नाही. कॉर्डप्रोसारखा मजकूर बदलतो पण पानाची मांडणी हलू शकते. दोन्ही ठेवणे उत्तम. आपोआप सरकणारे पान मात्र भावगीतात फसते, कारण गायक एखाद्या ओळीवर रेंगाळतो आणि पान थांबत नाही. फोन येऊ नयेत म्हणून विमान-मोड लावला तर पेडलसाठी ब्लूटूथ वेगळे सुरू करावे लागते; पडदा आपोआप बंद होण्याची सोयही काढून ठेवावी लागते. एवढे करूनही छापील संच स्टँडखाली असावा.

स्वतःच्या सरावासाठी लिहिलेली वही आणि विकण्यासाठी केलेला संग्रह यांत कायदा फरक करतो. भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जाहीर कार्यक्रमाच्या परवान्यासाठी बहुतेक आयोजक १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे जातात. परवान्याच्या अर्जासाठी गाण्यांची नावे, गीतकार आणि संगीतकार हाताशी लागतात. कागदाच्या माथ्यावर पट्टीखाली ही दोन नावे पहिल्यापासून लिहिलेली असली की ती यादी वहीतूनच तयार होते.