तेलाला उतार पाहिजे

संपादकांना वेगावर लेख हवा होता. निरोपात एकच ओळ होती, ‘स्वस्तातला टर्बो, पोरं जुन्या गाड्यांना बसवतायत, बघून ये’, आणि खाली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजचा पत्ता. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि ऑइल इंजिनाचे सुटे भाग यांचा मुलूख. इथल्या कुठल्याही गल्लीत तुटलेली वस्तू घेऊन गेलं की ‘नवीन आणा’ असं सहसा कुणी म्हणत नाही. हातात घेतात, उलटसुलट करतात आणि भाव सांगतात.

गॅरेजमध्ये पांढरी मारुती एस्टीम लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. बंपर काढलेला, मॅनिफोल्ड बाहेर, बॉनेट भिंतीला टेकवलेलं. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, नवी असताना 85 हॉर्सपॉवर. एस्टीम 2007मध्ये बंद झाली, पण हलक्या अंगाची आणि पळायला चपळ म्हणून शौकीन मंडळी तिला अजून सोडत नाहीत. हे इंजिन बाहेरची हवा स्वतःच्या ओढीने घेतं. पिस्टन खाली जाताना जेवढी येईल तेवढी. टर्बो तीच हवा दाबून भरतो आणि त्यासाठी लागणारी ताकद सायलेन्सरकडे फुकट निघालेल्या गरम धुरातून घेतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक धुराने फिरतो, दुसरा हवा कोंबतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे 1920च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याची यंत्रणा बसवली, तेव्हा प्रत्येक इंजिनाची ताकद 1750वरून 2500 हॉर्सपॉवरवर गेली. मोटारगाडीत टर्बो आला 1962मध्ये, अमेरिकेत, जनरल मोटर्सच्या दोन मॉडेलांतून. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायरची गोष्ट इथे कामाची आहे. तिच्या इंजिनाचं कंप्रेशन 10.25 ला 1, म्हणजे आधीच चढं. त्यात दाबलेली हवा गेली की पेट्रोल वेळेआधी पेटणार, म्हणून कंपनीने गाडीत पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी दिली. मालक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा दाब कमी करायची आणि गाडी मलूल व्हायची. शेवटी कंपनीनेच बऱ्याच गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. साठ वर्षांपूर्वी एवढ्या मोठ्या कंपनीला जे भोवलं, तेच कोडं आज उद्यमनगरात एक माणूस भंगारातल्या मालावर सोडवतो आहे.

त्या माणसाला सगळे मेस्त्री म्हणतात. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा दोऱ्याने गळ्यात, आणि गिऱ्हाइकाने ‘किती पिकअप वाढंल?’ असं विचारलं की ऐकू न आल्यासारखा चेहरा.

टर्बो होता 1.3 लिटरच्या डिझेल इंजिनावरचा, ज्याने आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्या ओढल्या, त्यातला 75 हॉर्सपॉवरवाला. मुठीत मावेल एवढा. माझा पहिला प्रश्न साहजिकच होता, की 75च्या इंजिनाचा टर्बो 85च्या इंजिनाला कसा पुरणार? मेस्त्रींनी हिशेब हवेवर मांडला. डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनाला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त हवा खातं. त्यामुळे 75 हॉर्सपॉवरच्या डिझेलला पुरवलेली हवा पेट्रोलमध्ये शंभराच्या आसपास ताकद देऊ शकते. शिवाय असे टर्बो भंगारबाजारात ढिगाने मिळतात. मात्र डिझेलवर त्याचा दाब एक बारच्या पुढे जातो, आणि या एस्टीमला 0.4 बारच्या वर न्यायचं नाही असं मेस्त्रींनी आधीच ठरवलेलं. जादा धूर बाजूने सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, एका स्प्रिंगच्या जोरावर बंद असते. ती स्प्रिंग डिझेलची म्हणून ताठ. तिच्या खाली दाब आणता येत नाही. वरून कुठलाही कंट्रोलर लावा, दाब चढवता येतो, स्प्रिंगच्या खाली उतरवता येत नाही. म्हणून मेस्त्री नरम स्प्रिंगचा अ‍ॅक्च्युएटर बसवतात आणि टायरमध्ये हवा भरायच्या पंपाला मीटर जोडून झडप नेमकी कुठे हलते ते पाहतात. हे काम ते स्वतः करतात. पोऱ्याला फक्त पंप धरायला मिळतो.

मॅनिफोल्डची गंमत खास इथली आहे. तयार मॅनिफोल्ड मागवायचा तर बजेट तिथेच संपतं. इथे साखर कारखान्यांच्या वाफेच्या लाइनला लागणारे जाड, सी-क्लास पाइपाचे एल्बो दुकानात सहज मिळतात. चार एल्बो, मधला आडवा पाइप, जाड प्लेटमधून कापलेली फ्लँज, आणि आर्गन वेल्डिंग. दिसायला ओबडधोबड, पण पातळ स्टीलच्या देखण्या मॅनिफोल्डपेक्षा जास्त टिकतो. तडा जातो तो बहुधा टर्बोचं वजन नुसतं वेल्डवर लटकवल्यामुळे. त्यासाठी खालून इंजिनाच्या ब्लॉकला आधाराची पट्टी. मी मॅनिफोल्डचे फोटो काढत होतो तेव्हा मेस्त्री गाडीखालून ओरडले, “वर काय बघताय साहेब, हिकडं खाली या की.”

खाली एक पाइप होता. माझा अर्धा दिवस त्या पाइपाने खाल्ला.

टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांपेक्षा जास्त फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगाला साधं बॉलबेअरिंग टिकत नाही. या स्वस्त जातीत दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल इंजिनातूनच येतं, ऑइल प्रेशरच्या स्विचजवळ टी लावून, बारीक नळीने, दाबाखाली. आत जाणं सोपं. पण टर्बोतून बाहेर पडताना त्या तेलाला दाब उरलेला नसतो. दांड्याने घुसळल्यामुळे आणि धुराचा अंश मिसळल्यामुळे ते ताकासारखं फेसाळतं, आणि तसंच, केवळ स्वतःच्या वजनाने, इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरमध्ये उतरावं लागतं. पाइप अरुंद झाला, मध्ये कुठे आडवा गेला किंवा चेंबरमधल्या तेलाच्या पातळीखाली जोडला, की तेल तुंबतं. आणि टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतो. पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात, त्या वायू अडवतात, साचलेलं तेल अडवू शकत नाहीत. तेल मग पंख्याच्या बाजूने निसटतं आणि गाडीमागे निळा धूर.

“ह्या धुरासाठी लोकं टर्बो बदलत्यात,” मेस्त्री म्हणाले. “एक बदलला, दुसरा बदलला. टर्बो चांगलाच आस्तोय. तेल आत कुणीबी घालतंय. भाईर काढून दाखवा.”

त्यासाठी चेंबर उतरवून, धुऊन, वरच्या कडेजवळ भोक पाडून त्याला पाइपाचं तोंड वेल्ड केलेलं. भोक कुठे पाडायचं हे ठरवायला त्यांनी गाडी सपाट उभी करून तेल भरलं, पातळीची खूण केली, आणि तिच्या वर जागा घेतली. पण वर क्रँक फिरतो. फार वर गेलं तर तोच पाइपात तेल उडवणार. दोन्हींच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते, तेवढीच जागा. त्यासाठी त्यांनी टर्बो आधी ठरवलेल्या ठिकाणाहून वर सरकवला, मॅनिफोल्डचा वेल्ड तोडला, पुन्हा जोडला. दिवसभराचं काम वाया गेलं म्हणून गाडीचा मालक, पंचविशीतला पोरगा, तोंड पाडून बसला होता. मला मात्र या कारागिरीत सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. टर्बो चार जणांना दाखवायला असतो, आणि मेस्त्री सगळं इंजिन एका न दिसणाऱ्या उताराभोवती मांडत होते.

पण उतार नीट असूनही धूर येऊ शकतो, आणि इथून कौतुक सोडून काळजीकडे यावं लागतं. जुन्या इंजिनाच्या रिंगा झिजलेल्या असतात. जळता वायू त्यांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये जातो आणि तिथला दाब वाढवतो; मग तेल उतरणार कुठे? म्हणून मेस्त्री आधी चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजतात आणि एक जरी फार मागे पडला तर गिऱ्हाइकाला परत पाठवतात. रिंगा बदलायचा खर्च ऐकला की बहुतेकांचा टर्बोचा नाद सुटतो.

पुढचं कोडं पेट्रोलचं. एस्टीमचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, त्यापुढे इंजिनाच्या संगणकाला काही दिसत नाही. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. जुना स्वस्त उपाय म्हणजे दाबाबरोबर पेट्रोलचं प्रेशर चढवणारा रेग्युलेटर. चालतो, पण अंदाजपंचे. नीट करायचं तर मोठे इंजेक्टर, वेगळा संगणक आणि मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर, आणि या तिघांची किंमत टर्बोच्या कितीतरी पट. त्यात आता पंपावर ई-20 पेट्रोल आहे. त्याचं ऑक्टेन जास्त, हे नॉकिंगच्या दृष्टीने बरं. पण इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणखी मोठे. आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत, ते बदलायचे ते वेगळंच.

उष्णतेचा हिशेब तर चुकतच नाही. पस्तीस अंशांची हवा 0.4 बारने दाबली की या छोट्या पंख्यातून बाहेर पडताना ऐंशी अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलर हवाच. तो नसेल, किंवा टायमिंग मागे घेतलेलं नसेल, तर मिश्रण वेळेआधी फुटतं. तो टकटक आवाज सायलेन्सरच्या गडगडाटात चालवणाऱ्याला ऐकूही येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा आधी तुटतात. मेस्त्रींच्या कपाटावर असे पिस्टन ओळीने ठेवलेले आहेत, दुसऱ्या गॅरेजांतून आलेल्या गाड्यांचे. गिऱ्हाईक दाब वाढवून मागायला लागलं की ते त्यातला एक त्याच्या हातात देतात. शिवाय पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा जास्त तापतो आणि या टर्बोला फक्त तेल थंड ठेवतं, पाणी नाही. जोरात पळवून लगेच चावी फिरवली तर आतलं तेल जळून कोळसा होतं आणि तोच सुंदर उतार तुंबवतो. म्हणून डॅशबोर्डवर मेस्त्रींच्या हातची चिठ्ठी: बंद करण्याआधी एक मिनिट चालू ठेवणे.

आणि मग कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, की ती कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हे आणखी पक्कं केलं. चाचणी संस्थेने मान्य केलेला सीएनजी किट गाडीला बसवता येतो आणि तो आरसी बुकात नोंदवताही येतो. वाफेच्या एल्बोचा टर्बो नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला हे कारण पुरेसं आहे. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणी वाढवताना आरटीओच्या तपासणीला उभं राहावं लागतं, तिथेही बॉनेट उघडतंच. ब्रेक, क्लचप्लेट आणि गिअरबॉक्स 85 हॉर्सपॉवरच्या हिशेबाचे आहेत हे मी अजून बोललोच नाही, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या दृष्टीने तर तेच सगळ्यांत महत्त्वाचं. हे लिहिताना मला त्या पोराचा उत्साह आवडला होता हे खरं. तरी ही गाडी पुणे-बंगळूर हायवेवर माझ्यामागे नको.

मेस्त्रींनी काम घेतलं ते एका अटीवर: गाडी रस्त्यावर आणायची नाही. पोरगा तयार झाला. त्याला अँबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतीत उतरायचं आहे. तिथे गाडी ट्रकवर घालून न्यावी लागेल, तपासणीत रोल केज, हेल्मेट, अग्निशामक सगळं दाखवावं लागेल. मी निघालो तेव्हा तो फोनवर ट्रकवाल्याशी भाव करत होता आणि मेस्त्री त्याला खालून सांगत होते, की ट्रकचं नंतर बघ, आधी ब्रेकच्या पाइपांचे पैसे काढ.