यंत्र काढून घ्यावे की समजून घ्यावे?

अमेरिकेतील ॲरिझोनात नातेवाइकांच्या रँचवर सुट्टीला गेलेल्या टेम्पल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या शाळकरी मुलीने एक गोष्ट हेरली. लस टोचण्यासाठी गुरांना खोड्यात घेऊन दोन्ही बाजूंनी घट्ट दाबले की बिथरलेली बरीचशी जनावरे शांत होत. तिला स्वतःला कोणी मिठी मारलेली सोसत नसे, पण अंगावर दाब मात्र हवासा वाटे. तिने स्वतःसाठी तसेच एक लाकडी यंत्र बनवले. ही १९६० च्या दशकातली गोष्ट. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांना तो प्रकार विकृत वाटला, यंत्र काढून घ्यावे असे त्यांचे मत पडले. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक यांनी मात्र तिला वेगळ्याच कामाला लावले: दाबाने शांत का वाटते, हे तूच शोधून काढ, आणि त्यासाठी शास्त्रीय लेख वाचायला शीक. ग्रँडिन पुढे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरे न घाबरता पुढे सरकावीत म्हणून त्यांनी आखलेल्या वळणदार वाटा उत्तर अमेरिकेत सर्रास वापरल्या जातात.

कार्लॉक थेरपिस्ट नव्हते. तरीही ऑटिझम, एडीएचडी किंवा डिस्लेक्सिया असलेल्या व्यक्तींबरोबर काम करण्याची जी बलस्थानांवर आधारलेली, माणसाला आहे तसे मान्य करणारी पद्धत आज रुजते आहे, तिचा गाभा त्यांनी केला त्यातच आहे. या पद्धतीविषयी गैरसमज मात्र पुष्कळ, आणि ते फक्त पालकांमध्येच आहेत असे नाही.

पहिला गैरसमज सिनेमाने पसरवला. ‘रेन मॅन’ १९८८ मध्ये आला आणि ऑटिझम असलेल्या माणसात काहीतरी अचाट विद्या दडलेली असणारच, असे लोक धरून चालू लागले. गंमत अशी, की या पात्राची मूळ प्रेरणा असलेल्या किम पीक यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा पूलच जन्मतः नव्हता, आणि त्यांना ऑटिझम नव्हता असेच पुढे तज्ज्ञांचे मत झाले. तशी अद्भुत स्मरणशक्ती फार थोड्यांकडे असते. बलस्थान त्याहून कितीतरी साधे असू शकते: लोकलचे वेळापत्रक पाठ असणे, नकाशात रमणे, यादीतली एक चूक चटकन दिसणे. चांगला थेरपिस्ट या आवडीवर बंदी घालत नाही, तिच्यातूनच वाचन, गणित आणि गप्पांची वाट काढतो.

‘अहवालात बुद्ध्यांक कमी आला आहे, आता अपेक्षा ठेवू नका.’ हे वाक्य ऐकलेली घरे पुष्कळ आहेत. कॅनडातील मिशेल डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ऑटिझम असलेल्या ३८ मुलांना दोन चाचण्या दिल्या. एक प्रचलित वेक्सलर चाचणी, जिच्यात परीक्षकाच्या तोंडी प्रश्नांना तोंडी उत्तरे देण्याचा भाग मोठा. दुसरी रॅव्हनची, जिच्यात आकृत्यांचा क्रम ओळखायचा. दुसरीत ही मुले शततमकाच्या हिशेबाने सरासरी ३० अंकांनी वर गेली, काही तर ७० हून अधिक. ऑटिझम नसलेल्या मुलांमध्ये अशी तफावत दिसली नाही. म्हणजे एकाच मुलावर एका खोलीत ‘मंद’ असा शिक्का बसू शकतो आणि दुसऱ्या खोलीत तेच हुशार ठरू शकते. डॉसन यांना स्वतःला ऑटिझम आहे, हेही इथे सांगायलाच हवे.

संवाद बिघडला की दोष ऑटिझम असलेल्याचाच, ही समजूत अधिक चिवट. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, तेही ऑटिस्टिक, यांनी २०१२ मध्ये मांडले की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या गटाने २०२० मध्ये कानगोष्टीसारखा प्रयोग केला: आठ जणांची साखळी, एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत माहिती इतरांच्या साखळ्यांइतकीच टिकली, मिश्र साखळ्यांत जास्त गळाली. २०२५ मधल्या तीनशेहून अधिक जणांच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळ्यांतली ही घट दिसली नाही. पण ऑटिस्टिक लोक माहिती पोहोचवण्यात कमी पडतात, असे दोन्हींपैकी एकाही अभ्यासात आढळले नाही. मग ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ हे वर्षानुवर्षे घोटून घ्यायचे कशासाठी? अनेकांना नजर चुकवल्यावरच समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येते.

चित्रांचे तक्ते किंवा बोलणारे ॲप दिले तर मूल बोलायचेच थांबेल, ही भीती मात्र निराधार आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात काटेकोर अभ्यासांतली २७ उदाहरणे तपासली गेली. एकाचेही बोलणे कमी झाले नाही, बहुतेकांचे वाढले.

मराठी घरांना सर्वात महाग पडलेला सल्ला वेगळाच आहे: ‘मूल गोंधळेल, घरात फक्त इंग्रजी बोला.’ मुंबई-पुण्यात तो ऐकू येतो, परदेशात राहणाऱ्या कुटुंबांनाही मिळतो. मॉन्ट्रियलच्या हॅम्ब्ली आणि फोम्बोन यांनी २०१२ मध्ये ऑटिझम असलेल्या ७५ मुलांचा अभ्यास केला. दोन भाषांत वाढणारी मुले एका भाषेतल्या मुलांपेक्षा मागे नव्हती. तो सल्ला पाळला की आजी मुलाशी बोलायची थांबते आणि जेवणाच्या पानावरच्या गप्पा मुलाच्या डोक्यावरून जातात. ज्या मुलाला माणसांचा सहवास मिळवून द्यायचा, त्याचीच माणसे अशी कमी होतात.

हे सगळे म्हणजे लाड, उपचार नकोतच, असा अर्थ कोणी काढेल तर तोही गैरसमजच. झोप, फिट्स, स्वतःला इजा करणे यांवर मदत लागतेच, आणि अनेकांना ती आयुष्यभर लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. परीक्षेतला जादा वेळ किंवा लेखनिक ही कोणाची मेहरबानी नाही.

थेरपीचे केंद्र निवडताना पालकांनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात: आमच्या मुलाला काय आवडते, याची नोंद तुम्ही कुठे ठेवता? ते ‘नको’ म्हणाले तर तुम्ही काय करता? आणि घरात मराठी बोललेली चालेल ना? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर दुसरे केंद्र बघावे.