अर्ध्या किमतीचा टीव्ही : घ्यावा की न घ्यावा?



नभोवाणीवर बसून दूरचित्रवाणीच्या संचाची पारख करायची, म्हणजे सवतीच्या लुगड्याचा पोत सांगण्यासारखे आहे. पण गेल्या दसऱ्याच्या सुमारास हे काम माझ्यावर येऊन पडले, ते माझ्या मावशीमुळे. मावशी साताऱ्याला एकटी राहते. संध्याकाळच्या बातम्या आणि एक-दोन मालिका एवढीच तिची सोबत. जुना संच बंद पडला, तेव्हा पेन्शनमधून थोडे थोडे बाजूला टाकून तिने नऊ हजार रुपये जमवले. एक दिवस तिचा फोन आला.

"अरे, शेजारच्या मुलानं त्याच्या मोबाइलवर जाहिरात दाखवली. बत्तीस इंची संच, किंमत वीस हजार, पण आज रात्री बारापर्यंत साडेआठ हजारांत. कंपनीचं नाव काही मी ऐकलेलं नाही. घेऊ का रे?"

मी म्हटले, "मावशी, आज रात्री बारापर्यंत तर मुळीच घेऊ नकोस. मला चार दिवस दे."

त्या चार दिवसांत जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम सवलतीचे बघू. वस्तूवर छापलेली किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. त्याहून अधिक घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. ती वस्तू त्या किमतीला कधी विकली गेली होती, असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. तेव्हा 'वीस हजारांचा साडेआठ हजारांत' हे वाक्य आपण मनातून पुसून टाकावे आणि साडेआठ हजारांचा संच साडेआठ हजारांना योग्य आहे का, एवढेच विचारावे. त्याच आकाराचे इतर साधे संच कितीला मिळतात ते पाहिले, की खरी सवलत किती ते कळते. ती पुष्कळदा हजार-पाचशेचीच निघते.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पण ३२ इंच आणि त्याहून लहान संचांवर तो २०१९ पासूनच १८ टक्के होता. तेव्हा 'कर उतरला म्हणून बत्तीस इंची स्वस्त' असे कोणी सांगू लागला, तर ते ऐकून सोडून द्यावे. 'फक्त दोनच शिल्लक', 'आज रात्रीपर्यंतच' ही घाईदेखील तशीच. खोटी निकड निर्माण करून माल खपवणे हा फसवणुकीचा प्रकार आहे, असे केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच म्हटले आहे.

आता नावाचे पाहू. आपल्या मनात नाव म्हणजे कारखाना असे समीकरण बसलेले असते. हल्ली ते पुष्कळदा खरे नसते. कोडॅक आणि थॉमसन ही जुनी परदेशी नावे. पण त्या नावांचे संच भारतात तयार करते ती सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही इथलीच कंपनी, नावाचा परवाना घेऊन. यात गैर काही नाही. उलट, मोठ्या नावांचे संचही कित्येकदा दुसऱ्याच्या कारखान्यात जुळवले जातात, आणि काचेचा पडदा तर जगातल्या मोजक्याच कारखान्यांतून, बहुतांशी चीनमधून येतो. मात्र नाव ऐकून भुलू नये. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असेही होते. आणि मोठे नाव म्हणजे जन्माची खात्री, असेही नाही. आपल्या मराठवाड्यात चितेगावला ज्याचा कारखाना, ते व्हिडिओकॉन हे नाव एके काळी घरोघर होते. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तेव्हा नावापेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की बिघडला तर दुरुस्त कोण करणार आणि सुटे भाग कुठून येणार?

स्वस्त संचात काटकसर कुठे कुठे केलेली असते? पडद्यात, आवाजात, आतल्या संगणकी भागात आणि वीजपुरवठ्याच्या पट्टीत. या चारही ठिकाणी उणीव असू शकते. पण सगळ्या उणिवा सारख्या नाहीत. काही मागाहून भरून काढता येतात, काही येत नाहीत. माझ्या मते संच पारखण्याची किल्ली हीच आहे.

आवाज घ्या. संच पातळ, त्यामुळे कर्णे लहान आणि आवाज पत्र्यासारखा. पण पुढे-मागे हजार-दीड हजारांचा बाहेरचा कर्णा जोडता येतो. म्हणजे ही उणीव भरून निघणारी.

आतला संगणकी भाग, ज्याला 'स्मार्ट' म्हणतात, तो घ्या. स्वस्त संचात त्याची स्मृती तोकडी असते. दोन वर्षांत तो रेंगाळू लागतो, आणि नवी अ‍ॅप्स त्यावर चालेनाशी होतात. 'अँड्रॉइड' हे एकच नाव दोन तऱ्हांना लावले जाते : एक गूगलची रीतसर मान्यता असलेली, दुसरी नुसतीच खुली प्रणाली घालून दिलेली. दुसऱ्या तऱ्हेत पैसे भरून पाहायच्या चित्रपट-सेवा पुष्कळदा धूसर दिसतात किंवा चालतच नाहीत. तरीही घाबरण्याचे कारण नाही. एचडीएमआयच्या खाचेत बोटाएवढी एक स्टिक खोचली, की संचाचा मेंदू नवा होतो. खाचा मात्र दोन तरी असाव्यात. मावशीसारखी केबलवर किंवा दूरदर्शनच्या फ्री डिशवर भागवणारी व्यक्ती असेल, तर हा प्रश्न तिच्यापुढे येतच नाही.

पडदा मात्र बदलता येत नाही. म्हणजे येतो; पण त्याला जवळजवळ नव्या संचाइतके पैसे पडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणून सगळे लक्ष तिथे द्यावे.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. 'एचडी रेडी' संचात आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. 'फुल एचडी'त १९२० आणि १०८०. 'फोर-के'त ३८४० आणि २१६०. जितके जास्त तितके चांगले, असे दुकानदार सांगेल. पण आपल्या डोळ्यालाही मर्यादा आहे. हिशेब केला, तर बत्तीस इंची एचडी रेडी संचातले ठिपके सुमारे सहा फुटांपलीकडून निरोगी डोळ्यालाही वेगळे दिसत नाहीत. मावशीची खुर्ची आठ फुटांवर. तिला एचडी रेडी पुरेसा आहे. वरचे पैसे वाया. तोच त्रेचाळीस इंची एचडी रेडी घेतला, तर ठिपके लपायला सुमारे आठ फूट लागतात. लहान खोलीत तो संच नको, तिथे फुल एचडी हवा. म्हणजे आधी घरातले अंतर टेपने मोजावे आणि मग दुकानात जावे.

उजेडाचेही तसेच. स्वस्त पडदे अंमळ मंद असतात. दुकानात काळोखी कोपऱ्यात ते झगमगतात आणि घरी खिडकीसमोर फिके पडतात. शक्य असेल तर संच प्रत्यक्ष पाहावा. त्यावर दुकानदाराचे भडक नमुन्याचे चित्र नको. बातम्या लावायला सांगाव्यात. निवेदकाच्या चेहऱ्याचा रंग माणसाचा दिसतो का, आणि बाजूला सरकून पाहिले तरी तसाच राहतो का, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते.

आता पैशांचा हिशेब. समजा, नावाजलेला संच चौदा हजारांना मिळतो आणि सात वर्षे चालतो. म्हणजे वर्षाला दोन हजार. मग साडेआठ हजारांचा संच किती चालला म्हणजे बरोबरी झाली? सव्वाचार वर्षे. पाच वर्षे चालला, तर तो वर्षाला सतराशे रुपयांत पडला आणि आपण जिंकलो. तीन वर्षांत गेला, तर वर्षाला अठ्ठावीसशे पडले आणि आपण हरलो. हमी मात्र बहुधा एकाच वर्षाची. म्हणजे दुकानदार एका वर्षाचे बोलतो आणि आपली गरज सव्वाचार वर्षांची आहे. मधली सव्वातीन वर्षे कोणाच्या भरवशावर? हा खरा प्रश्न. म्हणूनच पाच-सातशे रुपये जास्त देऊन पडद्यासकट तीन वर्षांची हमी मिळत असेल, तर ती घ्यावी. 'बिनव्याजी हप्त्यां'ची भूल मात्र टाळावी. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला पुष्कळदा मिळत नाही, आणि वर प्रक्रिया-शुल्क लागते. व्याज असते, फक्त त्याचे नाव बदललेले असते.

संच टिकवणे थोडे आपल्याही हाती आहे. पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात. स्वस्त संचात बहुधा त्याच आधी जातात. आवाज येतो पण चित्र काळे, असे झाले तर अंधारात पडद्यावर विजेरी धरून पाहावे. अंधूक चित्र दिसले, तर पडदा शाबूत आहे आणि गेल्या आहेत त्या पट्ट्या. गावातला जाणकार कारागीर त्या माफक पैशांत बदलून देतो. अशा वेळी संच भंगारात देणारे पुष्कळ आहेत! कारखान्यातून संच येतो तो बहुधा पूर्ण उजेडावर लावलेला. तो उजेड थोडा उतरवला, तर पट्ट्यांचे आयुष्य वाढते. आणि वळवाच्या पावसात विजा होऊ लागल्या, की प्लगबरोबर केबलची तारही काढून ठेवावी.

संच घरी आला, की आणणाऱ्या माणसासमोरच खोका उघडावा, उघडताना मोबाइलवर चित्रण करावे आणि संच लावून पाहावा. फुटलेल्या काचेला हमी लागू नसते. पक्के बिल जपून ठेवावे. बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात आणि वकील न देता. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो लिहून ठेवा.

मग मावशीने काय केले? जाहिरातीतल्या कंपनीचे सर्वांत जवळचे सेवा केंद्र पुण्यात निघाले. साताऱ्याहून पुण्याला संच नेणार कोण? तो बेत तिथेच संपला. मग ती स्वतः गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे कुठल्या कंपनीचे भाग मिळतात ते सांग, तोच संच घेते." मला हे सुचले नव्हते! त्याने सांगितलेल्या दोन नावांपैकी एक, तेही फारसे नावाजलेले नाही, गावातल्याच दुकानात तीन वर्षांच्या हमीसह नऊ हजार दोनशेला मिळाले. वरचे दोनशे रुपये मी देऊ केले; ते तिने घेतले नाहीत.

त्या संचाची बरोबरी व्हायला सुमारे साडेचार वर्षे लागतील. त्यातली तीन हमीत आहेत. उरलेल्या दीड वर्षाला तो दुरुस्तीवाला आहे. स्वस्त संच घ्यावा का, याचे माझे उत्तर एवढेच : घ्यावा, पण तो आपल्या अंतरावरून, आपल्या कामापुरता आणि आपल्या गावात दुरुस्त होणारा असावा.

परवा मावशीचा फोन आला होता. म्हणाली, "चित्र छान आहे रे. आवाज मात्र जरा पत्र्यासारखा येतो."

मी म्हटले, "तो भरून निघणारा दोष आहे, मावशी."