खाली, खाली, फक्त खाली

१९७४ सालचा जानेवारी महिना. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर तेव्हा वाद्यांची दुकानं ओळीनं होती. त्यातल्या ‘मॅनीज म्युझिक’ या नावाजलेल्या दुकानात पंचविशीतला एक बांधकाम कामगार मित्राला घेऊन शिरला आणि पन्नासएक डॉलर मोजून एक निळी गिटार घेऊन बाहेर पडला. गिटार मोझराइट कंपनीची. नावाजलेल्या वादकांच्या गळ्यात त्या काळी गिब्सन नाहीतर फेंडर दिसायची. मोझराइट स्वस्त होती, वजनाला हलकी होती, आणि दुसरं फारसं कुणी ती वाजवत नव्हतं, हेही त्याला पसंत पडलं. या तरुणाचं नाव जॉन कमिंग्ज. पुढे जगानं त्याला जॉनी रमोन म्हणून ओळखलं.

त्याच वर्षी क्वीन्स उपनगरातल्या फॉरेस्ट हिल्सच्या चार मुलांनी ‘रमोन्स’ हा बँड उभा केला. चौघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नव्हतं, पण चौघांनी रमोन हेच आडनाव लावलं. ऑगस्टमध्ये ते ‘सीबीजीबी’ नावाच्या लहानशा क्लबात पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. पंक रॉकचा इतिहास सांगताना या क्लबाचं नाव टाळताच येत नाही.

एका हाताचं काम

जॉनीचं वादन समजायला सतारीची मदत होते. सतारीवर ‘दा’ आणि ‘रा’ असे दोन दिशांचे आघात असतात आणि द्रुत लयीत ते आलटून पालटून येतात. गिटारवादकही वेग वाढला की पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, वर-खाली फिरवतो, कारण हाताला ते सोपं जातं. जॉनीनं यातली एक दिशा जवळजवळ टाकूनच दिली. त्याचा हात तारांवर वरून खाली यायचा, न वाजवता वर जायचा आणि पुन्हा खाली यायचा. याला डाउनस्ट्रोक म्हणतात.

फरक कानाला लगेच कळतो. खाली येणारा पिक आधी जाड तारांवर आदळतो, म्हणून आवाज भरीव आणि ठोस येतो. वर जाणारा आघात आधी बारीक तारांना लागतो, तो हलका पडतो. सगळे आघात एकाच दिशेचे असले की प्रत्येकाचं वजन सारखं राहतं. डाव्या हातानं सहाही तारा दाबून धरलेले बार कॉर्ड आणि मागे मोठ्या आवाजावर लावलेला मार्शल ॲम्प्लिफायर, एवढ्या सामग्रीवर जॉनीनं गिटारची अखंड भिंत उभी केली.

मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्याला दोन आघात केले, तर एका सेकंदाला सहा डाउनस्ट्रोक होतात. मी स्वतः मेट्रोनोम लावून हे करून पाहिलं आहे. पहिलं मिनिट निभावतं. दुसऱ्या मिनिटात कोपरापासून मनगटापर्यंत आग होते, पिक बोटांतून निसटू लागतो आणि हात आपोआप वर-खाली चालायला बघतो. १९७७च्या ३१ डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये रमोन्सनी तासाभराच्या आत २८ गाणी वाजवली. दोन गाण्यांच्या मध्ये दम घ्यायला जागा नव्हती. बास वाजवणारा डी डी चारपर्यंत आकडे ओरडायचा की पुढचं गाणं सुरू. ‘इट्स अलाइव्ह’ या अल्बममध्ये तो कार्यक्रम आहे. गिटार शिकणाऱ्यानं तो ऐकावाच.

काय घेतलं, काय टाकलं

जॉनीचे कान घडले ते साठच्या दशकात. १९६५मध्ये शे स्टेडियमवर बीटल्सचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो प्रेक्षकांत होता. स्टूजेस, एमसी५ आणि न्यूयॉर्क डॉल्स या बँडचा दांडगेपणा त्याला भावला. लेड झेपलिनच्या ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’मधलं जिमी पेजचं सलग डाउनस्ट्रोकचं वादन त्याच्या डोक्यात बसलं. पेजच्या लेखी ती एका गाण्यापुरती लकब होती, जॉनीनं तिच्यावर आयुष्य काढलं.

त्यानं टाकलं तेही महत्त्वाचं आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी रॉक गिटार म्हणजे दहा-दहा मिनिटांची सोलो आणि ब्लूजच्या वळणानं ताणलेले स्वर. जॉनीनं सोलो वर्ज्य केला, ब्लूजची वळणंही बाजूला सारली. १९७६चा पहिला अल्बम सुमारे ६,४०० डॉलरमध्ये, आठवडाभरात झाला. चौदा गाणी, एकूण लांबी अर्ध्या तासाच्या आत. त्या वर्षी ४ जुलैला हा बँड लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजला आणि तिथल्या कोवळ्या पंक बँडना दिशा मिळाली. पुढे मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डच्या उजव्या हातातही हाच डाउनस्ट्रोक दिसतो.

वही, दूध-बिस्किटं आणि बेसबॉल

पंक म्हटलं की बेताल, नशेत बुडालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. जॉनी पौगंडावस्थेत खरोखरच उपद्रवी होता, पण विशीत त्यानं ते सगळं मागे टाकलं आणि वडिलांसारखाच बांधकामावर कामाला लागला. ती कामगाराची शिस्त त्यानं बँडमध्ये आणली. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, ठिकाण आणि मिळालेले पैसे तो वहीत टिपून ठेवायचा. कार्यक्रम संपला की दूध आणि बिस्किटं. पैसा जपून वापरायचा, कारण वेळेवर निवृत्त व्हायचं त्यानं आधीच ठरवलेलं होतं.

न्यूयॉर्क यँकीज हा बेसबॉल संघ त्याचा जीव की प्राण. बेसबॉलपटूंच्या स्वाक्षऱ्या, जुन्या भयपटांची पोस्टरं, एल्व्हिस प्रेस्लीशी संबंधित वस्तू तो नेटानं जमवायचा. राजकारणात तो पक्का रिपब्लिकन. २००२मध्ये रमोन्सना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये मान मिळाला, तेव्हा त्यानं मंचावरून अध्यक्ष बुश यांच्यासाठी देवाचा आशीर्वाद मागितला. गायक जोई उदारमतवादी विचारांचा. त्यातच जोईची मैत्रीण लिंडा पुढे जॉनीची पत्नी झाली आणि दोघांमधलं बोलणं जवळजवळ संपलं. तरीही वर्षानुवर्षं ते एकाच गाडीतून गावोगाव फिरले आणि एकाच मंचावर उभे राहिले. जॉनी कठोर होता, सहकाऱ्यांना त्याचा धाक वाटायचा. पण बँड बावीस वर्षं टिकला, त्यात या कठोरपणाचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

निळी गिटार १९७७मध्ये चोरीला गेली. त्यानंतर घेतलेली पांढरी मोझराइट त्यानं शेवटपर्यंत वाजवली. ६ ऑगस्ट १९९६ला लॉस एंजेलिसमध्ये रमोन्सचा २,२६३वा आणि अखेरचा कार्यक्रम झाला. मग जॉनीनं ठरल्याप्रमाणे काम थांबवलं आणि ती गिटारही विकून टाकली. १५ सप्टेंबर २००४ रोजी प्रोस्टेटच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा तो ५५ वर्षांचा होता. २०२१मध्ये त्या पांढऱ्या गिटारला लिलावात नऊ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

कलावंताची थोरवी आपण बहुधा त्याला किती येतं यावर मोजतो. जॉनीला थोडंच येत होतं, पण ते थोडं त्यानं दोन हजारांवर वेळा, एकदाही ढिलाई न करता वाजवलं. रमोन्सचा पहिला अल्बम हेडफोन लावून ऐका. एका कानात बास आहे, दुसऱ्यात गिटार. बासचा कान काढून ठेवा आणि एक पूर्ण गाणं फक्त तो उजवा हात ऐका.