मोसंबीच्या नव्या कलमांवरील पर्णविकार

मोसंबी (लॅ. सिट्रस सायनेन्सिस, कुल – रूटेसी) या फळझाडाच्या कलमांवर लागवडीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत पानांच्या अनेक विकृती आढळतात. पाने पिवळी पडणे, लहान राहणे, मुरडणे, कुरतडली जाणे, त्यांचे शेंडे करपणे व ती अकाली गळणे ही प्रमुख लक्षणे होत. विकार पानावर दिसत असला, तरी त्याचे कारण पुष्कळदा जमिनीत असते. म्हणून निदान करताना पाने, खोड, मुळे व जमीन यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

महाराष्ट्रात जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध असून जालना, बदनापूर, अंबड व घनसावंगी या तालुक्यांत तिच्या बागा आहेत. जालना मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यातील अनेक बागा वाळून गेल्या व त्या तोडाव्या लागल्या. कलमापासून फायदेशीर पीक हाती येण्यास सुमारे पाच वर्षे लागत असल्याने नव्या बागेतील चुकीच्या निदानाने तितक्या वर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात.

निदान : विकृती जुन्या पानांवर आहे की नव्या, हे प्रथम पाहतात. नत्र व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे वाहून नेली जातात. त्यामुळे त्यांची उणीव जुन्या पानांवर आधी दिसते. नत्राच्या अभावी संपूर्ण पान सारखे फिकट होते, तर मॅग्नेशियमच्या अभावी कडा पिवळ्या पडून देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. लोह व जस्त सहज वाहून नेले जात नसल्याने त्यांची उणीव कोवळ्या पानांवर प्रकटते. लोहाच्या अभावी पिवळ्या पानावर शिरांची बारीक हिरवी जाळी दिसते. जस्ताच्या अभावी पाने लहान व अरुंद राहून शिरांमधील भाग पिवळा होतो. जिल्ह्यातील चुनखडीयुक्त जमिनींत ही द्रव्ये असूनही मुळांना उपलब्ध होत नाहीत, त्यामुळे हा विकार तेथे वारंवार आढळतो.

पानाची मध्यशीर पिवळी पडून उरलेले पान हिरवे राहिल्यास मुळांना वा खोडाच्या सालीला इजा झाल्याचा संशय घ्यावा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे मूळकूज व डिंक्या हे रोग होतात. अशा झाडाला भूक लागली आहे असे समजून खत व पाणी वाढविले जाते, आणि तेथेच ते दगावते. खात्रीसाठी झाडाच्या घेराच्या कडेला सुमारे १५ ते ३० सेंमी. खोल उकरून तंतुमुळे पाहावीत. निरोगी मुळे टणक व फिकट पिवळसर असतात. कुजलेल्या मुळांची साल बोटांनी ओढताच निसटते व आतील दोरा तेवढा शिल्लक राहतो. पानांचे शेंडे व कडा करपल्या असल्यास खाऱ्या पाण्याचा परिणाम संभवतो. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.

ग्रीनिंग रोगात पिवळे-हिरवे चट्टे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस विषम असतात, तर द्रव्यांच्या उणिवेत ते बहुधा सममित असतात. हा रोग जंतुजन्य असून सायला (डायफोरिना सिट्री) या कीटकामार्फत पसरतो. भारतात कीटकाचा हा संबंध कपूर, राव व विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिला. पानावर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्यास नागअळी, तर कडेपासून पान खाल्लेले आढळल्यास लिंबावरील फुलपाखराची अळी कारणीभूत असते. ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने सहज नजरेतून सुटते.

उपाय : जस्ताच्या उणिवेवर १० लि. पाण्यात ५० ग्रॅ. झिंक सल्फेट व २५ ग्रॅ. चुना मिसळून नव्या पालवीवर फवारतात. लोहासाठी फेरस सल्फेटाचे ०·५ टक्का द्रावण वापरतात. मूळकूज असल्यास प्रथम पाणी कमी करून निचऱ्याचे चर काढावेत. खोडावरील रोगट साल खरवडून १ किग्रॅ. मोरचूद, १ किग्रॅ. चुना व १० लि. पाणी यांचा बोर्डो मलम लावावा. फुलपाखराच्या अळ्या लहान बागेत हाताने वेचून नष्ट करणे पुरेसे ठरते. नागअळी व सायला यांसाठी पालवी फुटताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात. ग्रीनिंग रोगावर खात्रीचा इलाज नसल्याने बाधित कलम उपटून जाळणे इष्ट असते.

प्रतिबंध : लागवडीपूर्वी मातीची परीक्षा करावी, १० टक्क्यांहून अधिक चुनखडीची जमीन टाळावी. रंगपूर लाइम वा जंबेरी या खुंटांवर डोळा भरलेली निरोगी कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. डोळ्याचा सांधा जमिनीपासून सुमारे १५ सेंमी. वर ठेवावा व पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करावे. बदनापूर येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मोसंबी संशोधन केंद्राचा सल्ला या बाबतीत उपयुक्त ठरतो.