मोकळी जागा कोणाची?

सिल्वासातल्या पिपरिया औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या एका कारखान्यात मी काम करतो. आमच्याकडे गाडीत मोबाइल लावायचे होल्डर निघतात. काचेला चिकटणारा कप मऊ पीव्हीसीचा, दांडा आणि पकड एबीएसची. ओळखीतला एक तरुण वैमानिक सुट्टीवर आला होता. नमुने चाळता चाळता तो म्हणाला, "काका, हे आमच्याकडे नाही चालायचं." का नाही चालायचं, ते मग आम्ही टूलरूममध्येच पाहिलं.

पूर्वी वैमानिक नकाशे, विमानतळांचे तक्ते आणि विमानाची मॅन्युअल्स भरलेली पंधरा-सोळा किलोची बॅग वागवायचे. सुधारित पानं आली की जुनी काढून नवी लावत बसायचं. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत आयपॅड वापरायची परवानगी मिळाली आणि कागद मागे पडत गेला. भारतातही डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या मंजुरीने विमान कंपन्या टॅब्लेट वापरतात. बॅग खुर्चीशेजारी जमिनीवर मावायची. टॅब्लेट मात्र नजरेसमोर हवा, म्हणजे तो कशाला तरी अडकवायला हवा.

पहिला उमेदवार अर्थातच कप. सिलिकॉन रबरातले बुडबुडे काढायला आमच्याकडे जाड पारदर्शक झाकणाचा व्हॅक्यूम पॉट आहे. त्यात काचेचा तुकडा उभा केला, कप दाबून बसवला आणि खाली टॅब्लेटच्या वजनाची लोखंडी पट्टी टांगली. कप काचेला ओढून धरतो असं वाटतं. खरं तर बाहेरची हवा त्याला काचेवर दाबून ठेवते. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब फार तर आठ हजार फुटांवरच्या इतका उतरू देतात, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट. आता हिशेब करा. कपाखाली चाळीस टक्के हवा उरली असेल, तर जमिनीवर धरून ठेवणारा फरक साठ टक्क्यांचा. बाहेरचा दाब पंचाहत्तरवर आला की तोच फरक पस्तीसचा. दाब पाव भागाने घटला, पण पकड चाळीस टक्क्यांहून जास्त गेली.

पॉटच्या दाबमापकाचा काटा त्या पंचाहत्तरवर नेला तेव्हा कप पडला नाही. वरच्या कडेला काचेमागे एक पांढुरकी कोर उमटली. कड सुटायला लागली होती. हलत्या विमानात एवढं पुरे. आणखी हवा ओढली तशी ती कोर खाली सरकत गेली आणि पट्टी आपटली. पस्तीस हजार फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनही कमी. केबिनचा दाब अचानक गेला, तर कपाखाली कोंडलेली हवाच त्याला काचेवरून ढकलून देणार, तेही वैमानिकाचा हात ऑक्सिजन मास्ककडे जात असताना. म्हणूनच अशा उपकरणांची दाब एकदम उतरवून चाचणी घेतात.

"मग स्क्रूने पक्कं बसवा ना," मी म्हणालो.

"विमानाला भोक पाडायचं म्हणजे विमानात बदल. त्याची मंजुरी वेगळी, कागद वेगळे. आणि बसवणार कुठे?"

त्याने खडू घेतला, खुर्चीभोवती फरशीवर कॉकपिट काढलं आणि मधे बसला. एअरबस ए३२० मध्ये समोर बाहेर ओढायचं टेबल असतं, पण त्यावर टॅब्लेट ठेवला की नजर खाली जाते. बाजूच्या काचेवर लावावा, तर तीच सरकती काच संकटात बाहेर पडायची वाट. काचेखाली साइडस्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, तिच्या हालचालीच्या आड काहीही येता कामा नये. बोइंग ७३७ मध्ये त्याच कामाचं योक हे हँडल समोर. त्यावर लावला तर योक वळला की नकाशाही वळणार. जरा वर घ्यावा तर बाहेरचं दिसणं अडतं, आत घ्यावा तर एखादा डिस्प्ले झाकला जातो. मास्कच्या खणापुढे तर नकोच. रिकामी वाटलेली प्रत्येक जागा हाताची, गुडघ्याची नाहीतर नजरेची वाट निघत होती.

ही काळजी कागदी नाही. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयजर विमान १९८ जणांना घेऊन अफगाणिस्तानकडे निघालं होतं. काळ्या समुद्रावर कॅप्टनचा कॅमेरा खुर्चीच्या आर्मरेस्ट आणि साइडस्टिकच्या मधे पडलेला होता. खुर्ची पुढे घेतली, कॅमेऱ्याने स्टिक पुढे ढकलली आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं. विमान सुखरूप उतरलं, पण आत बऱ्याच जणांना दुखापत झाली. सुटून पडलेला टॅब्लेट त्या कॅमेऱ्यापेक्षा लहान नसतो.

जागा सापडली तरी उन्हाचं काय? ॲपलच्या मते आयपॅड शून्य ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा. ढगांच्या वर थेट ऊन येणाऱ्या काचेला तो टेकवला की तापतो, आणि फार तापला की स्वतःच काम थांबवतो. मऊ पीव्हीसीतला मऊपणा देणारा घटक उष्णतेने हळूहळू निघून जातो आणि कप कडक होतो. आमच्या एबीएसच्या पट्टीला बर्नर लावून दाखवला. ती काळा धूर सोडत पेटली आणि ज्योत काढली तरी जळत राहिली. कॉकपिटमध्ये आपोआप विझणारंच प्लॅस्टिक लागतं. ते महाग पडतं, मोल्डिंगलाही जास्त सांभाळावं लागतं.

ड्रीमलायनरमध्ये बोइंगने दोन्ही वैमानिकांच्या बाजूला असे स्क्रीन मुळातच बसवले. तिथे जागा आधी ठरली, वस्तू नंतर आली. जुन्या कॉकपिटमध्ये उलटं झालं, आणि त्यामुळे पकड कितीही घट्ट केली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. हल्ली नव्या होल्डरचं ड्रॉइंग आलं की मी ग्राहकाला आधी विचारतो, हा जिथे लागणार तिथून घाईच्या वेळी कोणाचा हात जातो? बहुतेकांनी टॅब्लेटचं माप पाठवलेलं असतं, हाताचं नाही.