समुद्र लांब, गाठ जवळ: खाऱ्या पाण्याची फ्लाय आणि कौशल्याच्या पायऱ्या

पोखर्णी म्हटलं की लोकांना नृसिंहाचं देऊळ आठवतं. समुद्र काही आठवत नाही. म्हणून आजचा विषय ऐकून काहींनी विचारलंच, की खाऱ्या पाण्यातल्या माशांचं आमिष बांधायचं, हे इथं कशाला सांगता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देतच आपण पुढे जाऊ.

आधी फ्लाय म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावतात. फ्लाय हे खाण्याचं आमिष नसतं. गळाच्या दांडीवर धाग्यानं पिसं, केस, चमकीचे दोरे बांधून तयार केलेली ती नक्कल असते. गोड्या पाण्यात ती बहुधा किड्यांची असते, म्हणून नाव फ्लाय, म्हणजे माशी. खाऱ्या पाण्यात ती लहान मासोळी, कोळंबी किंवा खेकड्याची असते. आपल्या कोकणच्या खाड्यांत जिताडा राहतो, तोही अशाच मासोळ्या आणि कोळंबीवर जगतो. तेव्हा नक्कल कशाची करायची, हे त्याच्या पोटावरून ठरतं.

खाऱ्या पाण्यामुळे कामात तीन फरक पडतात. मीठ लोखंड खातं, म्हणून गळ स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगला मुलामा दिलेला लागतो. मासे मोठे आणि दाताळ, म्हणून धागा जाड आणि बांधणी पक्की हवी. आणि फ्लाय आकारानं मोठी असली तरी वजनानं हलकी ठेवावी लागते, कारण ती फेकली जाते ती दोरीच्या वजनावर. पाणी पिऊन जड झालेली फ्लाय वाऱ्यात जातच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खाऱ्या पाण्यात आज जगभर वापरली जाणारी एक फ्लाय आहे, क्लाउझर डीप मिनो. ती बांधली बॉब क्लाउझर यांनी, १९८०च्या दशकात. हे गृहस्थ अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे. त्यांनी ती बांधली सस्क्वेहाना नदीतल्या बास माशासाठी. म्हणजे समुद्राच्या फ्लायचा जन्म नदीकाठी झाला! तिला नाव दिलं आणि जगभर नेलं ते लेफ्टी क्रे यांनी. या क्रे यांची स्वतःची 'डिसीव्हर' फ्लाय इतकी गाजली, की १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिचं चित्र तिकिटावर छापलं. सांगायचं एवढंच, की बांधणी टेबलावर होते. गोदावरी आपल्या जिल्ह्यातून वाहते, आणि टेबल तर घरोघरी आहे.

क्लाउझरची युक्ती काय? डंबेलच्या आकाराचे शिशाचे दोन डोळे दांडीच्या वरच्या अंगाला बांधले. पाण्यात जड बाजू खाली जाते, म्हणून गळ उलटा होतो, टोक वर राहतं आणि तळाच्या दगडात अडकत नाही. दोरी ओढली की फ्लाय वर येते, सोडली की नाक खाली करून बुडते. घाबरलेली मासोळी अशीच उड्या मारत पळते.

ऐकायला सोपं आहे, पण करायला बसलं की डोळे फिरतात! माणसाचे नव्हे, फ्लायचे. ते दांडीवर घट्ट बसवायचे तर आधी धाग्याचा पाया घालायचा, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे तिरपे वेढे घ्यायचे, आणि शेवटी डोळ्यांच्या खाली, दांडीच्या वर आडवे वेढे घेऊन ते आवळायचे. नवशिक्याच्या चुका ठरलेल्या असतात. डोळे नेढ्याला अगदी चिकटून बांधतो, मग शेवटच्या गाठीला जागाच उरत नाही. केस गरजेपेक्षा जास्त लावतो, मग फ्लाय बुडत नाही. आणि धागा सैल सोडतो.

या चुका आपल्या आपण दिसत नाहीत. इथं पायऱ्यांच्या पुरस्काराचा उपयोग होतो. अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेली फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही संस्था फ्लाय बांधणाऱ्यांसाठी असा कार्यक्रम चालवते. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा त्याच्या तीन पायऱ्या. ही स्पर्धा नव्हे. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. ठरलेल्या तंत्रांच्या फ्लाय बांधायच्या, अनुभवी परीक्षक त्या तपासतात आणि काय जमलं, काय राहिलं ते सांगतात. एक पायरी झाली की पुढची.

आपल्याला ही पद्धत परकी नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा घ्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं, तेव्हा गाणं घराण्याच्या दाराआड होतं. पायऱ्या आणि अभ्यासक्रम ठरल्यावर ते कुणाच्याही मुलाला शिकता येऊ लागलं. विशारद झाला म्हणजे गवई झाला असं नाही, हे खरंच. पण कुठं उभे आहोत आणि पुढं काय शिकायचं, एवढं त्याला कळतं.

खाऱ्या पाण्याच्या फ्लायसाठी आम्ही तीन पायऱ्या अशा सुचवतो. पहिली, क्लाउझर. यात धाग्याचा ताण, प्रमाण आणि डोळे बसवणं येतं. दुसरी, डिसीव्हर. पिसांच्या जोड्या दोन्ही अंगांना सारख्या बसवायच्या आणि पुढून केसांची झालर घालायची, म्हणजे फेकताना पिसं गळाच्या बाकात गुंतत नाहीत. तिसरी, खेकडा आणि कोळंबी. यात केस पिंजून कातरणं, पाय लावणं, रेझिननं कवच करणं येतं.

प्रत्येक पायरीवर कसोटी एकच ठेवा: एकसारख्या सहा बांधून दाखवा. एक चांगली फ्लाय योगायोगानंही जमते, सहा जमत नाहीत. आपल्याकडचे भोई जाळं विणतात, त्यात प्रत्येक चौकोन सारख्या मापाचा उतरतो. तोच हात इथं लागतो. सहाही फ्लाय रांगेत ठेवा, लांबी मोजा, डोळे चिमटीत धरून पिळून बघा. फिरले, तर परत बांधा. फोटो काढून जाणकाराला पाठवता येतो, पण घट्टपणा फोटोत दिसत नाही. तो बोटांनीच तपासावा लागतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं फ्लाय बांधणाऱ्यांना फार हवीशी वाटत आली. हा पक्षी आपल्या सह्याद्रीत आहे, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. हौस कुठवर जाते पाहा. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणानं २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरली. ती फ्लायच्या पिसांसाठी. तो कसबी होता, पण कसब आलं म्हणून अक्कल येतेच असं नाही. म्हणून आमच्या पहिल्या पायरीत हाही धडा आहे: घरच्या कोंबड्याचं पीस, बोकडाचे केस आणि बाजारातले कृत्रिम धागे, एवढ्यावर काम भागवायचं.

शेवटचं. आपल्या गावांत हाताचं कसब असलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांना "हुशार आहे रे" एवढंच ऐकायला मिळतं. त्यानं पोरगं खूश होतं, पण पुढं सरकत नाही. "डोळे पाव इंच मागे घे, केस निम्मे कर" असं कुणी सांगितलं, की ते पुढं सरकतं. पदक कपाटात जातं, हा शेरा मात्र हातात राहतो. फ्लाय असो, जाळं असो की शिवणकाम, पायऱ्या आखा, आणि प्रत्येक पायरीवर खरं बोलणारा एक माणूस बसवा.

आता व्हाइस इथं टेबलावर लावला आहे. ज्यांना पहिला वेढा घ्यायचा आहे, त्यांनी पुढं यावं.